विश्लेषण : हेल्मेट हायटेक, भार मात्र मानेवर! लढाऊ वैमानिकांची मान का दुखते?

एफ-३५ या अमेरिकी लढाऊ विमानात वैमानिकासमोर नेहमीचा ‘हेड-अप डिस्प्ले’ नाही. वेग, उंची, लक्ष्य, रात्रीचे दृश्य, सारे हेल्मेटच्या काचेवरच दिसते. सोय मोठी, पण तिचे ओझे मानेला वाहावे लागते.

वजन नऊपट कसे होते?

विमान वेगात झपकन वळते, तेव्हा शरीरावरचा भार वाढतो. तो ‘जी’मध्ये मोजतात. माणसाचे डोके साधारण पाच किलोचे. त्यावर दोन किलोंहून अधिक वजनाचे हेल्मेट चढले, की झाले सात किलो. ९ जीच्या वळणावर हाच भार ६३ किलो होतो. जणू मानेवर एक माणूसच बसला!

प्रश्न फक्त वजनाचा आहे का?

नाही. डोक्यावर भरलेला हंडा पेलता येतो, कारण मान सरळ आणि भार मधोमध असतो. हेल्मेटवरचा डिस्प्ले किंवा नाइट व्हिजन गॉगल मात्र पुढे असतो. त्यामुळे गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि मानेमागचे स्नायू सतत ताणलेले राहतात. त्यातच मागचे शत्रूविमान पाहण्यासाठी वैमानिकाला भर वळणात मान फिरवावी लागते. स्नायू, मणके आणि त्यांमधील चकत्यांना इजा होण्याची भीती तेव्हाच जास्त.

हेलिकॉप्टर वैमानिकांना ९ जी सोसावा लागत नाही. पण गॉगल दीर्घकाळ डोक्यावर असतो. तोल साधण्यासाठी हेल्मेटच्या मागे वजन लावतात. तोल साधतो, पण एकूण ओझे वाढते.

एफ-३५मध्ये काय घडले?

इजेक्शनच्या वेळी मानेला गंभीर इजा होण्याचा धोका चाचण्यांत दिसल्याने २०१५मध्ये १३६ पौंडांपेक्षा (सुमारे ६२ किलो) कमी वजनाच्या वैमानिकांना या विमानातून उड्डाणास मनाई झाली. त्यानंतर हेल्मेट हलके केले, हलक्या वैमानिकांसाठी पॅराशूट किंचित उशिरा उघडण्याची सोय केली आणि डोक्यामागे आधारपट्टी दिली. २०१७मध्ये मनाई उठली.

भारताशी संबंध काय?

तेजसचे वैमानिकही हेल्मेट डिस्प्ले वापरतात. बेंगळुरूच्या हवाई दलाच्या वैमानिकी वैद्यकशास्त्र संस्थेत जमिनीवरच गरगर फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये वैमानिकांना जी सोसण्याचे प्रशिक्षण मिळते.

उपाय कोणते?

मानेचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, डोक्याला नेमके बसणारे हेल्मेट आणि जी वाढण्याआधीच मान हव्या त्या दिशेला वळवून स्थिर ठेवण्याची सवय. दुखणे लपवू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. मान वळली नाही, तर मागचे विमान दिसणार कसे?