ढेकळीचा रस्ता

पहाटे ५.१०

पत्र्यावर पाऊस एका लयीत वाजतोय, म्हणजे सर लवकर ओसरणार नाही. यंदा मृग वेळेवर लागला. लोहगड आणि विसापूर दोघंही ढगांत गेलेत. खिडकीतून दिसतात ते फक्त मळवली स्टेशनचे दिवे. चहाचा कप घेऊन मी टेबलाशी बसते. माझे लिहिण्याचे खरे तास दोनच, पाच ते सात. बाकीचा दिवस त्या दोन तासांची शिदोरी गोळा करण्यात जातो.

समोर सातवं प्रकरण आहे आणि त्यात चार दिवसांपासून एक वाक्य अडलंय : ‘रस्ता ओलांडण्यापूर्वी ढेकळीने एकदा मागे वळून पाहिलं.’ कानाला गोड लागतं. म्हणूनच मला त्याचा संशय येतो.

ढेकळी ही खेकड्याची मादी. ढेकळाच्या रंगाची, म्हणून ढेकळी. उन्हाळाभर ती भातखाचराच्या बांधातल्या बिळात, ओलाव्याला धरून खोल राहिली. पावसाने बीळ भरलं आणि पोटाखाली पिल्लं घेऊन ती ओढ्याकडे निघाली. वाटेत लोहगडाकडे जाणारा डांबरी रस्ता आहे. बांधापासून ओढ्यापर्यंत माणसाची जेमतेम दोनशे पावलं. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी मी लिहितेय ती साहसकथा एवढ्याच अंतरात घडते. या खोऱ्यातल्या बहुतेक मुलांनी बिबट्या पाहिलेला नसतो, पण खेकडा मात्र प्रत्येकाच्या बोटाला एकदा तरी चावलेला असतो.

सकाळी ७.००

शेजारचे मामा फावडं घेऊन बांधावर आलेत. इंद्रायणी तांदळाचं रोप दाढीत, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, वीतभर झालंय. हा वाण इथूनच दोन-तीन स्टेशनांवरच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला, १९८७ साली. रोपाला पाणी धरून ठेवायचं, तर खेकडे रात्रीत बांध पोखरतात आणि पाणी खालच्या खाचरात पळतं. मामा रोज सकाळी ती भोकं चिखलाने आणि गवताने बुजवतात.

“तुझी ढेकळी रातच्याला माझ्या बांधात येऊन गेली बघ,” मामा म्हणतात. त्यांच्या आवाजात राग नाही, पण काम वाढल्याचा शीण आहे. तो मी वहीत टिपून घेते. गोष्टीत खलनायक ठेवायचा नाही, हे मी ठरवलंय. मामांना भात पिकवायचं आहे आणि ढेकळीला बीळ हवंय, दोघांचंही खरं आहे. मुलांना दोन खरी माणसं, किंवा एक माणूस आणि एक खेकडा, समोरासमोर उभे करून दाखवता येतात. तो ताण त्यांना चांगला कळतो.

सकाळी ८.३०

शनिवारची सकाळची शाळा. गावातल्या शाळेत पाचवीच्या मुलांना मी प्रकरणं वाचून दाखवते. बाईंनी अर्धा तास दिलाय. मुलांच्या छत्र्यांचं पाणी दारातून वर्गात येतंय.

आधी सहावं प्रकरण वाचते. ढेकळीची डावी नांगी बगळ्याच्या चोचीत सापडते, ती नांगी सोडून देते आणि निसटते. मागच्या बाकावरचा मुलगा ओरडतो, “परत येती ती!” पुढच्या बाकावरची मुलगी त्याला थांबवते, “लगेच न्हाई येत. आधी बारकी येती.” दोघंही बरोबर आहेत. खेकडा कात टाकतो तेव्हा तुटलेल्या जागी लहान नांगी फुटते आणि पुढच्या प्रत्येक कातेगणिक वाढत जाते. ही माहिती मी पुस्तकांतून मिळवली होती. यांनी ती ओढ्यातून मिळवलीय.

मग सातव्या प्रकरणातलं ते वाक्य वाचते. वर्ग शांत. पुढच्या बाकावरची तीच मुलगी कपाळाला आठ्या घालते.

“ताई, ती मागं कशाला बघंल वळून? तिचे डोळे तर वर असत्यात.”

मागचा मुलगा उठतो, दोन मुठी डोक्यावर धरून डोळे करतो आणि बाकांमधून आडवा पळत सुटतो. वर्ग हसतो, बाईही हसतात. वाक्याचं खोटेपण मात्र आता सगळ्यांना दिसलंय. देठावरच्या डोळ्यांना मागचंही दिसतं. वळून पाहणं ही मानेची कृती आहे आणि खेकड्याला मान नाही. निरोपाची माझी कल्पना मी तिच्या अंगावर चढवली होती. मी मुलीला म्हणते, “बरोबर आहे तुझं. मग ती काय करेल?” ती विचार करते. “म्हाईत न्हाई. पण वळणार न्हाई.”

सकाळी ११.१५

लोकलने लोणावळ्याला येते. स्टेशनबाहेर सहलीला आलेल्यांची झुंबड आहे आणि भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्या आतापासूनच खोळंबल्यात. मी बाजाराच्या कडेला जाते. तिथे पावसाळ्यात बायका खेकडे विकायला बसतात. पाय-नांग्या दोरीने आवळून एकेकाचं गाठोडं केलेलं असतं.

एका मावशींशी गेल्या वर्षीपासून ओळख आहे. मी पाटीशेजारी बसते. खेकडा कुठल्या बिळात आहे हे कसं ओळखायचं, ते त्या सांगतात. बिळाच्या तोंडाशी माती ओली, गुळगुळीत असली तर आत कुणीतरी आहे. कोळ्याचं जाळं असलं तर बीळ रिकामं. आणि हात घालण्याआधी काडी घालायची, कारण बिळात सापही असतो. “भ्या वाटतं का मावशी?” “वाटतं. पर पोरांची फी बी भरायची असती.”

हे पाचव्या प्रकरणात जाईल. ढेकळीच्या बिळात एक काडी येईल, हलेल, परत जाईल. काडीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे आणि तिच्या घरी काय आहे, हे ढेकळीला कळणार नाही. वाचणाऱ्या मुलाला कळेल.

दुपारी २.००

घरी. वरणभात आणि लसणीची चटणी. पाऊस थोडा उघडलाय. ही वेळ वाचनाची.

प्राण्यांवरच्या गोष्टींचा एक जुना वाद आहे आणि तो मी अधूनमधून पुन्हा उघडते. १८९८ मध्ये अर्नेस्ट थॉम्प्सन सेटन यांनी रानटी प्राण्यांच्या कथांचं पुस्तक काढलं आणि ते अफाट खपलं. १९०३ मध्ये निसर्गलेखक जॉन बरोज यांनी अशा लेखकांवर कडाडून टीका केली : तुम्ही प्राण्यांना माणसाची अक्कल चिकटवता आणि ते शास्त्र म्हणून विकता. वाद काही वर्षं चालला आणि १९०७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टही त्यात उतरले. एका देशाचा अध्यक्ष प्राण्यांच्या गोष्टी खऱ्या की खोट्या यावर जाहीरपणे बोलला, ही गोष्ट मला मोलाची वाटते. मुलाला पहिल्यांदा रान कळतं ते बहुधा गोष्टीतूनच. तिथे चुकीचं बी पडलं तर ते पुढे उपटणं कठीण जातं.

म्हणजे प्राण्यांनी गोष्टीत बोलूच नये असं नाही. पंचतंत्रातले कोल्हे आणि बैल बोलतात आणि ते योग्यच आहे, कारण ती गोष्ट माणसाच्या व्यवहाराची आहे. साहसकथेचं तसं नाही. तिथे मुलाला घटकाभर दुसऱ्या देहात राहायला मिळतं, आणि त्या देहाचे नियम मोडले की साहसही संपतं. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळीतली लढाई वानरांच्याच वागण्यातून उभी केली, आणि त्या पुस्तकाला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं ‘पाडस’ वाचून रडलेली माणसं मला ठाऊक आहेत. त्यातलं पाडस एकही शब्द बोलत नाही.

मग खेकड्याकडे. समुद्री खेकड्याची पिल्लं अंड्यातून अळीसारखी बाहेर पडतात आणि पाण्यावर तरंगत वाढतात. डोंगरातल्या ओढ्याला पूर आला तर असली पिल्लं वाहूनच जातील. गोड्या पाण्याच्या खेकड्यांनी म्हणूनच वेगळी वाट काढली. त्यांची पिल्लं अंड्यातून निघतात तीच पुरते खेकडे होऊन, ज्वारीच्या दाण्याएवढी, आणि काही दिवस आईच्या पोटावरच्या रुंद झडपेखाली राहतात. श्वास कल्ल्यांचा, तेव्हा जमिनीवर चालताना अंगातली ओल टिकवावी लागते. रस्ता ओलांडायला पाऊस हवा तो यासाठी.

दख्खनच्या खेकड्यांवर कर्नल साइक्स यांनी १८३६ मध्ये लिहिलं. तेव्हा एका जातीला दिलेल्या नावाचा अर्थच बिळं करणारा असा आहे. आणि २०१६ मध्ये उत्तर सह्याद्रीतून खेकड्यांच्या पाच नव्या जाती नोंदवल्या गेल्या. अजून नाव न मिळालेले जीव या डोंगरांत आहेत. हे वाक्य मी पुस्तकाच्या शेवटच्या पानासाठी राखून ठेवलंय.

संध्याकाळी ५.४५

चित्रकार पुण्याहून लोकलने आलाय, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. “ताई, तळेगाव गेलं तेव्हा तुमची आठवण झाली,” तो म्हणतो. गो. नी. दांडेकर तळेगाव दाभाड्यात राहत, हे मीच त्याला सांगितलं होतं. ‘माचीवरला बुधा’ त्यांनी इथल्याच राजमाचीवर घडवला. मुंबई सोडून माचीवर परतलेला एक म्हातारा आणि त्याच्याभोवतीचं रान. चित्रांना हात घालण्याआधी हे पुस्तक वाच, असा माझा आग्रह होता. झाडंझुडपं आणि मुकी जनावरं कथेच्या मधोमध कशी बसतात, ते त्यात कळतं.

तो पहिली चित्रं टेबलावर मांडतो. ढेकळी लालबुंद आहे, गोल डोळ्यांची, हसरी, आणि तिचे मागचे पाय वल्ह्यासारखे चपटे आहेत. चित्र देखणं आहे, त्यामुळे बोलणं जड जातं. पण बोलते. वल्ह्यासारखे पाय पोहणाऱ्या समुद्री खेकड्याचे. हिचे टोकदार हवेत, दगड धरणारे. आणि हिला लाल रंग शिजल्यावर येतो. तो रंगकण जिवंत खेकड्याच्या कवचात प्रथिनाशी बांधलेला असतो. उष्णतेने प्रथिन सुटतं आणि तांबडा उघडा पडतो. लाल ढेकळी म्हणजे ताटातली ढेकळी.

तो चित्राकडे बराच वेळ बघतो. “म्हणजे मी मेलेली ढेकळी काढली,” हळूच म्हणतो आणि ब्रश बॅगेत ठेवतो. “रात्री दाखवा मला जिवंत.”

रात्री ८.४५

मामा, चित्रकार आणि मी, तिघं रस्त्याच्या कडेला. पाऊस भुरभुर आहे. ओढ्याच्या गाजेने बाकीचे सगळे आवाज गिळलेत, बेडकांचे सोडून. शनिवार असल्याने गडाकडून परतणाऱ्या गाड्या अजून चालू आहेत. डांबरावर दोन-तीन जागी चिरडलेले खेकडे दिसतात. चित्रकार तिथे टॉर्च स्थिर ठेवत नाही.

मग ती येते. बांधाकडून, आडवी, थांबत थांबत. मामा वाकून टॉर्च तिरका धरतात. पोटाची झडप फुगलेली, कडेने बारीक पाय वळवळताहेत. “पिल्लावाली हाय. हिला न्हाई घ्यायची,” मामा म्हणतात. त्यांच्या खांद्याला पोतं आहे, त्यात चार-पाच खेकडे खडखडताहेत. पण पिल्लांची मादी ते कधीच पोत्यात टाकत नाहीत.

ती रस्त्याच्या मधोमध पोचते आणि वळणावरून मोटारसायकल येते. उजेड तिच्यावर पडतो. मला वाटलं होतं ती पळेल. ती पळत नाही. जागीच थांबते, शरीर उचलते आणि दोन्ही नांग्या उजेडाच्या दिशेने वर उगारते. मुंगसासमोर, बगळ्यासमोर तिने हेच केलं असणार, आणि तिथे त्याचा उपयोग झाला असणार. चाकापुढे तो होत नाही. रस्त्यावर इतके खेकडे का मरतात, ते मला आत्ता या क्षणी कळतं : ते भित्रे आहेत म्हणून नव्हे, ते लढायला उभे राहतात म्हणून.

मामा टॉर्च हलवत रस्त्यात जातात. मोटारसायकल कडेने निघून जाते. ते मागून, नांग्या पोचणार नाहीत अशी, तिची पाठ दोन बोटांत धरतात आणि ओढ्याच्या बाजूला गवतात ठेवतात. आलेल्या बाजूला ठेवली असती तर तिला सगळा रस्ता पुन्हा ओलांडावा लागला असता. चित्रकार गुडघ्यावर बसून ओल्या कागदावर पेन्सिल चालवतोय. कागद फाटतोय, तरी थांबत नाही.

रात्री ११.२०

चित्रकार बाहेरच्या खोलीत झोपलाय. त्याचे कागद दोरीवर वाळत आहेत. एकावर फक्त दोन उगारलेल्या नांग्या आहेत आणि भोवती पांढरं रिकामं. मुखपृष्ठ हेच.

सकाळसाठी ठेवायचं होतं, पण राहवत नाही. अडलेलं वाक्य खोडते. वळणं नाही, निरोप नाही. लिहिते : ‘उजेड आला. ढेकळी थांबली. तिने उरलेली नांगी त्याच्यावर उगारली.’ खाली आणखी एक ओळ : ‘पोटाखाली पिल्लं एकमेकांना घट्ट धरून होती.’ दुसरी ओळ पुन्हा वाचते. एकमेकांना? ती धरतात आईला, एकमेकांना नव्हे. खोडून ‘आईला’ करते.

सोमवारी हे वर्गात वाचीन. पुढच्या बाकावरची मुलगी विचारणारच, ती वाचली का? त्याआधी मला मामांना विचारायचंय की गवतात ठेवलेली मादी ओढ्यापर्यंत पोचायला साधारण किती वेळ घेते. आठवं प्रकरण तेवढ्याच वेळाचं असेल.