बांधकामाची नवी रीत (भाग 6) : स्लॅब टाकण्याआधीचं भांडण

बिम म्हणजे इमारतीचा संगणकातला नमुना, हे मागच्या भागात पाहिलं. साध्या नकाशात भिंत म्हणजे दोन रेघा. बिममध्ये त्या भिंतीची जाडी, वीट, गिलावा आणि त्यातून जाणारा पाइप अशी सगळी माहिती भिंतीलाच चिकटलेली असते. खिडकी हातभर सरकवली की प्लॅन, उभा छेद आणि खिडक्यांचा तक्ता एकदमच बदलतात. चक ईस्टमन यांनी ही कल्पना 1975 मध्येच मांडली होती. ब्रिटनने एप्रिल 2016 पासून केंद्र सरकारच्या पैशातून होणाऱ्या बांधकामांना ती सक्तीची केली. हे सगळं मध्य प्रदेशातल्या बालाघाटसारख्या जिल्ह्याच्या गावी कसं यायचं, हा आजचा विषय.

त्यासाठी लंडनपर्यंत जायची गरज नाही, नागपूर पुरेसं आहे. 1956 पर्यंत बालाघाटचा कारभार नागपुरातूनच चालत होता, आणि मोठा दवाखाना किंवा मोठी खरेदी म्हटली की इथला माणूस अजूनही गोंदिया-नागपूरचीच वाट धरतो. त्याच नागपुरात महामेट्रो या मेट्रो बांधणाऱ्या सरकारी कंपनीने पहिल्या टप्प्यासाठी ‘5डी बिम’ वापरलं. तोपर्यंत देशातल्या कुठल्याही मेट्रोने ते केलेलं नव्हतं. लांबी, रुंदी, उंची ही तीन परिमाणं, चौथं वेळापत्रक आणि पाचवा खर्च. पडद्यावर एखादा खांब निवडला की त्याचं काँक्रीट कधी ओतायचं आणि त्याला पैसे किती लागणार, हे तिथेच दिसतं. 2014 च्या ऑगस्टमध्ये कोनशिला बसली, 7 मार्च 2019 ला खापरी ते सीताबर्डी मार्गाचं उद्घाटन झालं आणि 11 डिसेंबर 2022 ला पहिल्या टप्प्याचे उरलेले मार्ग सुरू झाले. वर्धा रोडवर एकाच खांबावर खाली उड्डाणपूल आणि वर मेट्रो असा 3.14 किलोमीटरचा दुमजली पूल उभा आहे. गड्डीगोदामला तर रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल आणि मेट्रो अशा चार पातळ्या एकावर एक आहेत. अशा ठिकाणी एकाचा गर्डर दुसऱ्याच्या वाटेत येतो का, हे क्रेन उभी करण्याआधीच कळायला हवं.

पण नागपूरला हे जमलं ते केवळ सॉफ्टवेअर विकत घेतल्यामुळे, असं मला वाटत नाही. मेट्रो बांधणारी आणि चालवणारी संस्था एकच आहे. स्थानकातला कुठला पंप कधी बसवला आणि कोणत्या सरकत्या जिन्याची दुरुस्ती कधी आली, ही माहिती तिला पुढची कित्येक वर्षं लागणार आहे. त्यामुळे नमुना नीट ठेवण्यात तिचा रोजचा स्वार्थ आहे. मालकाला गरज होती म्हणून ठेकेदार आणि सल्लागार सगळे त्या रांगेत आले.

आता बालाघाटमधली तीन मजली सरकारी इमारत घ्या, रुग्णालयाची म्हणा. तिथे मालक एक खातं, बांधणारं दुसरं, वापरणारं तिसरं. आर्किटेक्टचा नकाशा येतो, मग स्ट्रक्चरवाल्याचा. विजेचं काम बहुतेक वेळा वेगळ्या शाखेकडे किंवा वेगळ्या निविदेत असतं, आणि तिचा ठेकेदार ठरेपर्यंत पहिला स्लॅब झालेला असतो. ऑक्सिजनची लाइन, एसीचे डक्ट, सांडपाण्याचे पाइप यांचं तर त्याहून उशिरा ठरतं. मग पाइप बीमपाशी येऊन अडतो. साइट इंजिनिअर, प्लंबर आणि सेंट्रिंगवाला मिस्त्री तिघे खाली उभे राहून वाद घालतात आणि शेवटी ब्रेकर लावून बीम फोडला जातो. सळाख उघडी पडते, कधी कापलीही जाते. वरून गिलावा केला की कुणाला काही दिसत नाही, पण त्या बीमची ताकद कमी झालेली असते. त्याखाली पुढे रुग्णांच्या खाटा लागणार असतात, म्हणून मला ही गोष्ट किरकोळ वाटत नाही.

बिम हे भांडण टाळत नाही. ते स्लॅब टाकण्याआधी घडवून आणतं. सगळ्यांचे नमुने एकावर एक ठेवले की पाइप आणि बीम कुठे भिडतात ते लाल रंगात दिसतं. साइटवरची मंडळी त्याला ‘क्लॅश’ म्हणतात. काँक्रीटआधी तिथे स्लीव्ह, म्हणजे पाइप जाण्यासाठी पोकळ नळी, ठेवायची की पाइप वळवायचा, हे स्ट्रक्चर इंजिनिअरच्या संमतीने टेबलावर ठरतं. अट एकच: त्या टेबलाशी विजेचा आणि पाण्याचा माणूस हजर हवा. निविदाच निघाली नसेल तर तो येणार कुठून? बालाघाटची पहिली अडचण इथे आहे. संगणक कमी आहेत, ही अडचण त्यानंतरची.

दुसरी अडचण मापांची आहे आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. सरकारी कामात पैसे मिळतात ते मेजरमेंट बुकात, म्हणजे एमबीत नोंदलेल्या मापांवर, आणि माप घ्यायची रीत भारतीय मानक आयएस 1200 मध्ये ठरलेली आहे. गिलाव्याचंच बघा. 0.5 चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेसाठी काहीच वजा करायचं नाही. 0.5 ते 3 चौरस मीटरची उघडी जागा असेल आणि भिंतीला दोन्ही बाजूंनी सारखाच गिलावा असेल, तर एकाच बाजूची वजावट करायची. त्या बदल्यात खिडकीच्या कडांचा गिलावा वेगळा मोजायचा नाही. कडा मोजण्याची कटकट वाचावी म्हणून केलेला हा शहाणपणाचा तोडगा आहे.

नमुन्याला हा तोडगा माहीत नसतो. 1.2 मीटर बाय 1.2 मीटरच्या खिडकीचं क्षेत्रफळ 1.44 चौरस मीटर. नमुना दोन्ही बाजूंनी 2.88 वजा करतो, एमबीत वजावट फक्त 1.44 ची. अशा 60 खिडक्या असतील तर फरक 86.4 चौरस मीटरचा होतो. 0.6 बाय 0.6 चं व्हेंटिलेटर नमुना वजा करतो, एमबीत ते वजाच होत नाही. ठेकेदार म्हणणार माझं माप बुडालं, ऑडिटवाला विचारणार दोन आकडे कसे, आणि मधला उपअभियंता निमूटपणे जुना टेप काढणार. त्यात त्याची चूक मला दिसत नाही. सही त्याची असते आणि वसुली निघाली तर त्याच्याच पगारातून जाते.

यावर उपाय आहे आणि तो जिल्ह्याच्या हातातला नाही. एसओआरमधल्या, म्हणजे दरसूचीतल्या, प्रत्येक आयटमचा क्रमांक नमुन्यातल्या घटकाशी जोडायचा आणि आयएस 1200 ची वजावट नियम म्हणून त्यात भरायची, हे काम भोपाळमध्ये एकदा नीट झालं तर सगळ्या जिल्ह्यांना पुरेल. प्रत्येक ठिकाणच्या अभियंत्याने ते स्वतः करावं, अशी अपेक्षा ठेवणं त्याच्यावर अन्याय आहे.

सॉफ्टवेअरच्या किमतीचा बाऊ मात्र मी करणार नाही. मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी लहान ऑफिसला जड जाते, हे खरं. पण आयएफसी नावाचा खुला फाइल-प्रकार आहे, त्याला आयएसओचं मानकही आहे, आणि त्यावर चालणारं बोन्साय हे साधन ब्लेंडर या त्रिमितीय नमुन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट मिळतं. पॉलिटेक्निकमधल्या मुलांना गावातली एखादी उभी शाळा मोजून तिचा नमुना करायला लावला, तर वर्षभरात हात बसलेली काही मुलं मिळतील. ही मुलं पुण्या-हैदराबादच्या ऑफिसांत परदेशी इमारतींचे नमुने करायला निघून जातील, अशी भीती मला वाटते. ती खोटी ठरायची तर इथल्या कामांत त्यांना पगार मिळेल अशी जागा हवी.

सुरुवात सगळ्या इमारतींपासून करू नये. अंगणवाडी किंवा दोन खोल्यांची शाळा यांना नमुन्याची गरज नाही. त्यांना चांगली रेती, नीट धुतलेली गिट्टी आणि पाणी मारणारा माणूस पुरतो. पहिली निवड रुग्णालयाची व्हावी, कारण तिथे पाइप आणि तारांची गर्दी सर्वांत जास्त. त्या एका निविदेत तीन गोष्टी लिहाव्यात. वीज, पाणी आणि वायूच्या लाइनींचा आराखडा पायाच्या कामासोबतच मिळाला पाहिजे. प्रत्येक स्लॅबआधी क्लॅश तपासून स्लीव्हचा नकाशा सहीने मंजूर झाला पाहिजे. आणि इमारत सोपवताना प्रत्यक्ष बांधलं त्याप्रमाणे दुरुस्त केलेला नमुना आयएफसीमध्ये रुग्णालयाच्या ताब्यात दिला पाहिजे. या तिसऱ्या कलमासाठी वेगळा दर लावावा लागेल. फुकट मागितलं तर कुणी मनापासून करणार नाही.

तो नमुना रुग्णालयात सांभाळायचा कुणी, आणि पाच वर्षांनी कुणी पाइप बदलला तर त्यात नोंद कोण करणार, हे पुढच्या आठवड्यात.