ही वजावट कोणी सांगितली?

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा. बारामती-इंदापुरात सहकारी साखर कारखान्यांची एवढी दाटी की, ऊसबिलाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला चहाच्या टपरीवरही चुका दाखवणारे भेटतात. याच भागातल्या एका कारखान्याच्या बिल प्रणालीवर काम करताना आमची सगळ्यात जास्त उघडली जाणारी फाइल एक्सेलची होती : ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स. एका ओळीत एक नियम; तो कुठून आला, कोणत्या मॉड्यूलमध्ये बसला, कोणत्या टेस्ट केसने तपासला, हे पुढच्या रकान्यांत.

एक ओळ अशी. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे, नाहीतर थकलेल्या रकमेवर वर्षाला १५ टक्के व्याज. उगम : ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६. नियम एवढाच, पण त्याच्यापुढे टेस्ट केसेसची रांग. रात्री एक वाजता काट्यावर चढलेल्या ट्रॅक्टरची तारीख कोणती धरायची? कारखान्याचा दिवस पाळीबरोबर बदलतो, मध्यरात्री नाही. शेतकी खातं म्हणे कालची, अकाउंट्स म्हणे आजची. अखेर काय ठरलं, कोणत्या बैठकीत ठरलं, हेही आम्ही त्याच ओळीत लिहून ठेवलं.

मॅट्रिक्सचे पैसे वसूल झाले ते मार्च २०२५ मध्ये. फेब्रुवारी २०२२ च्या शासन निर्णयाने एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, दोन हप्त्यांत द्यायची मुभा होती. पुणे विभागात पहिला हप्ता १० टक्के साखर उतारा धरून, उरलेला हंगाम संपून खरा उतारा कळल्यावर. मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. पेपरात ‘एकरकमी एफआरपी’चे मथळे झळकले, आमच्यापुढे प्रश्न, हा उतारा कुठे कुठे शिरलाय? त्या नियमाच्या क्रमांकावर फिल्टर लावला. बिलाचं सूत्र, सोसायटीच्या कर्जवसुलीची यादी, साखर आयुक्तालयाला जाणारा अहवाल, सगळं समोर आलं. नुसता कोड धुंडाळणाऱ्याला अहवाल सापडलाच नसता. तिथे तोच आकडा वेगळ्या नावाने बसला होता.

दर मात्र सोपा. १०.२५ टक्के उताऱ्याला २०२४-२५ मध्ये क्विंटलला ३४० रुपये, २०२५-२६ साठी ३५५. दराच्या तक्त्यातला आकडा बदलला की झालं.

विमानाच्या सॉफ्टवेअरला डीओ-१७८सी हे मानक असा माग दोन्ही दिशांनी ठेवायलाच लावतं. ऊसबिलाला कोण विचारतो? म्हणून बहुतेक ठिकाणी मॅट्रिक्सचा तक्ता डिलिव्हरीच्या आदल्या आठवड्यात, कोडकडे बघून, उलटा भरला जातो. तो तक्ता कागदाची नासाडी आहे, असं मी बैठकीतही बोललेलो आहे.

प्रामाणिकपणे भरला तर उलट्या दिशेनेही काहीतरी हाती लागतं. कोडमध्ये एक बारीकशी वजावट होती, जुन्या प्रणालीतून जशीच्या तशी आलेली. उगमाचा रकाना कोरा. शेतकीतल्या जुन्या क्लार्कना विचारलं. “ती पहिल्यापास्नंच हाय की, सायेब.”

संचालक मंडळाचा ठराव मिळेपर्यंत ती बंद ठेवावी, असं माझं म्हणणं. आमचे मॅनेजर हसले. “बंद करा की. पण पहिलाच सभासद पावती घेऊन येईल आणि विचारेल, मग मागच्या हंगामात का कापली?”

दुसऱ्या दिवशी एका पोराला जुनी ठरावबुकं चाळायला बसवलं.