घरच्या मैदानाविना हंगाम

रायगडात भातकापणी उरकली की गावोगावच्या मंडळांच्या कबड्डी स्पर्धा सुरू होतात. माणगाव तालुक्यातल्या प्रेक्षकाला चढाई करणारा कोणत्या गावचा, कोणत्या मंडळाचा हे ठाऊक असते, म्हणून तो रात्र जागवतो. व्यावसायिक कबड्डीत नेमका हाच धागा सुटला आहे. 2014 साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने खेळाडूंना पैसा आणि मान दिला. इराणच्या मोहम्मदरेझा शाडलूईसाठी 2023 च्या लिलावात पुणेरी पलटणने 2 कोटी 35 लाख रुपये मोजले, हे मातीतल्या खेळाच्या वाट्याला आलेले मोठे यश आहे. पण 2025 चा हंगाम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चारच शहरांत झाला. पुणेरी पलटण अंतिम फेरीत पोहोचली, तीही पुण्यात एकही सामना न खेळता. अंतिम सामना दिल्लीत झाला आणि दिल्लीच्याच संघाने तो जिंकला.

याउलट युरोपातली आइस हॉकी पाहावी. ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय लीगमध्ये 2006 पासून शेजारच्या देशांचे संघ येऊ लागले आणि आज तिथे ऑस्ट्रिया, इटली, हंगेरी व स्लोव्हेनियाचे संघ एकत्र खेळतात. सप्टेंबरपासून वसंतापर्यंत हंगाम चालतो. साखळीतले निम्मे सामने घरी, निम्मे परगावी, हा तिथला साधा नियम आहे. इटलीतल्या बोल्झानोने 2013 मध्ये प्रवेश केला आणि पहिल्याच हंगामात विजेतेपद पटकावले. ब्रुनेक तर जेमतेम 17 हजार वस्तीचे, आपल्याकडच्या तालुक्याच्या ठिकाणाएवढे गाव; पण 2021 पासून त्याचा संघही या लीगमध्ये आहे. व्हिएन्नाचा संघ तिथे खेळायला येतो, तेव्हा गावातल्या मुलाला उत्तम खेळ समोर दिसतो. कोणत्याही चित्रवाणीपेक्षा हे शिक्षण मोठे आहे.

यावर आक्षेप येतो की तो श्रीमंत देशांचा खेळ, आपली लीग प्रक्षेपणाच्या पैशावर उभी; संघ एकाच शहरात मुक्काम करतात म्हणून खर्च आटोक्यात राहतो. खर्चाची काळजी खरी आहे. पण आइस हॉकीला सुमारे 60 मीटर लांबीचे मैदान महिनोन्‌महिने गोठवून ठेवावे लागते, कबड्डीला 13 बाय 10 मीटरची मॅट पुरते. 2025 मध्ये प्रत्येक संघाचे साखळीत 18 सामने होते, म्हणजे निम्मे घरी घ्यायचे म्हटले तरी ते फक्त नऊ. दोन महिन्यांत सारे कोंबण्याऐवजी हंगाम पाच-सहा महिन्यांवर पसरला, तर खेळाडूंच्या गुडघ्यांनाही विसावा मिळेल. प्रवास वाढेल हे मान्य, परंतु 2023-24 च्या हंगामात हीच लीग बारा शहरांत फिरली होती आणि पलटणने विजेतेपदही त्याच हंगामात मिळवले. म्हणजे फिरणे अशक्य नाही. प्रेक्षक कमी येतील ही भीती मला पटत नाही. माणगावहून ताम्हिणी घाट चढून पुण्यात बालेवाडीला जाणारा कबड्डीवेडा माणूस तिकिटाला मागेपुढे पाहणार नाही. त्याला सामना तरी हवा. मुंबईचा यू मुम्बा आणि पलटण यांच्या घरच्या सामन्यांपैकी एखादा अलिबागेत किंवा माणगावात घेण्याचा प्रयोगही करता येईल. बंदिस्त सभागृहाची अडचण आहे, ती सरकार, जिल्हा संघटना आणि संघमालकांनी मिळून सोडवायची आहे. ज्या जिल्ह्यात हा खेळ घरोघरी खेळला जातो, तिथे पक्के क्रीडागृह बांधणे ही चैन कशी ठरेल?