मेनूच्या मजकुरामागे

कॉम्प्युटरवर ‘फाइल’वर क्लिक केलं की खाली यादी उलगडते: नवीन, उघडा, जतन करा, बंद करा. ही यादी पडद्यावर रेखाटणं म्हणजेच मेनू बनवणं, असा बाहेरून बघणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात रेखाटण्याचं काम जवळजवळ आयतंच मिळतं. रंग, सावली, बाहेर क्लिक केल्यावर यादी मिटणं, हे सगळं सिस्टिम किंवा टूलकिट बघून घेते. पायथनमध्ये आठ-दहा ओळींत मेनू उभा राहतो. पण पडद्यावर दिसतो तो नुसता मजकूर. त्या मजकुराला मागच्या बाजूने काय बांधलंय, त्यावर तो मेनू कामाचा की घोटाळ्याचा हे ठरतं.

मेनू नव्हते तेव्हा आज्ञा पाठ कराव्या लागत. डॉसवर काम केलेल्यांच्या बोटांत ‘कॉपी’, ‘डीआयआर’, ‘डेल’ अजूनही असतील. सत्तरच्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पडद्यावर माउसचं बटण दाबलं की बाणाखालीच मेनू उगवायचा. आज आपण ओळखतो तो वरून खाली पडणारा मेनू घडला ॲपलच्या लिसा या कॉम्प्युटरसाठी, बिल ॲटकिन्सन यांच्या हातून. लिसाचा पडदा कसकसा बदलत गेला याचे पोलरॉइड फोटो त्यांनी काढून ठेवले होते. आधी मेनू विंडोलाच चिकटवून पाहिले, मग ते पडद्याच्या अगदी वरच्या कडेला गेले. लिसा १९८३ मध्ये बाजारात आला, पुढच्या वर्षी मॅकिन्टॉश. १९८५ मध्ये आलेल्या विंडोजने मात्र प्रत्येक विंडोला तिचा स्वतःचा मेनूबार दिला, आणि ते दोन पंथ आजही तसेच आहेत.

मला विचाराल तर मॅकचा पंथ सरस. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं, की लक्ष्य जितकं लांब आणि लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. पडद्याच्या कडेपलीकडे बाण जाऊच शकत नाही. त्यामुळे कडेवरच्या मेनूवर डोळे झाकून माउस वर ढकलला तरी तो नेमका जागेवर थांबतो. पडद्याच्या मध्येच कुठेतरी असलेल्या बारीक पट्टीवर मात्र हात आवरून नेम धरावा लागतो. अर्थात, भल्यामोठ्या पडद्यावर तो मेनू फार लांब पडतो, ही तक्रारही खरी.

आता कोडकडे वळू. उदाहरणाला टीकिंटर ही लायब्ररी घेऊ, कारण ती पायथनबरोबर फुकट येते आणि कॉलेजातली बरीच मुलं डेस्कटॉपची पहिली विंडो तिच्यातच उघडतात. तिच्या पोटात टीके नावाची टूलकिट आहे, जॉन औस्टरहाउट यांनी बर्कली विद्यापीठात असताना लिहिलेली. इथे मेनू म्हणजे फांद्यांची रचना. आधी मेनूबार करायचा, मग ‘फाइल’ नावाचा दुसरा मेनू करून तो पहिल्याला कॅस्केड, म्हणजे उपमेनू, म्हणून जोडायचा, त्यात एकेक आज्ञा घालायची आणि शेवटी विंडोला सांगायचं, की हा तुझा मेनूबार. हे शेवटचं राहिलं तर कोड विनातक्रार चालतं, मेनू तेवढा दिसत नाही.

विंडोजवर वा लिनक्सवर पहिल्यांदा मेनू दिसला की माथ्यावर एक तुटक रेघ असते. ही युनिक्सवरच्या मोटिफ या जुन्या टूलकिटच्या काळातली खूण. तिच्यावर क्लिक केलं की मेनू सुटून त्याची छोटी स्वतंत्र विंडो होते. तेव्हा ही मोठी सोय होती, आज कुणी तिला हात लावत नाही. म्हणून प्रत्येक शिकवणीत ‘टेअरऑफ शून्य करा’ असं एका ओळीत उरकतात. पण ती रेघ हा मेनूतला शून्य क्रमांकाचा घटक असतो, हे सांगायचं राहून जातं. रेघ असेल तर पहिली आज्ञा एक क्रमांकावर, रेघ काढली की शून्यावर. कुणी आधी ‘दोन नंबरचा घटक फिका कर’ असं लिहून ठेवलं असेल, तर रेघ काढल्यावर ‘उघडा’ऐवजी ‘जतन करा’ फिकं पडतं. मेनू दिसायला ठीकठाक, वागायला चुकीचा.

त्याहून जास्त पोरं अडकतात ती आज्ञा जोडताना. प्रत्येक ओळीला एक फंक्शन द्यायचं असतं आणि सवयीने नावापुढे कंस टाकला जातो. मग विंडो उघडताक्षणीच फाइल जतन होते आणि नंतर मेनूवर कितीही क्लिक केलं तरी ढिम्म. मित्राला कुणाचा नंबर द्यायचा होता आणि तुम्ही तो नंबर स्वतःच लावून टाकलात, तशातली गत. कंसाशिवायचं नाव म्हणजे ‘वेळ आली की हे कर’, कंसासह म्हणजे ‘आत्ता कर’. मेनूचा सगळा कारभार त्या ‘वेळ आली की’वर चालतो. प्रोग्रॅम मेनलूपमध्ये शिरून वाट पाहत बसतो, क्लिक आली की तिच्या नावावर लिहिलेलं फंक्शन हाकारतो आणि पुन्हा वाट पाहायला लागतो.

याच उशिराच्या हाकेमुळे होणारा आणखी एक बग फार लबाड आहे. ‘अलीकडच्या फाइली’ असा उपमेनू करायचा म्हणून पाच नावांवर लूप फिरवला आणि प्रत्येक ओळीला ‘ही फाइल उघड’ असं छोटंसं लॅम्डा फंक्शन दिलं. मेनूत पाचही नावं बरोबर दिसतात. कशावरही क्लिक करा, उघडते पाचवीच! कारण लॅम्डाने फाइलचं नाव लक्षात ठेवलेलं नसतं, लक्षात ठेवलेलं असतं ते व्हेरिएबल. क्लिक होईपर्यंत लूप केव्हाच संपलेला असतो आणि व्हेरिएबलमध्ये शेवटची फाइल उरलेली असते. उपाय चिमुकला आहे. लॅम्डाच्या पॅरामीटरला डिफॉल्ट किंमत म्हणून ती फाइल त्याच क्षणी देऊन टाकायची. डिफॉल्ट किमती फंक्शन बनतानाच गोठतात. एकच फाइल ठेवून तपासलं तर हा बग कधीच सापडत नाही, निदान दोन तरी हव्यात.

मेनूत उजवीकडे लिहिलेलं ‘कंट्रोल एस’ही असंच फसवं. टीकिंटरमध्ये ॲक्सलरेटर म्हणून जे लिहिता ते फक्त छापलं जातं. ती कळ खरोखर चालायला हवी असेल तर ती विंडोला वेगळी बांधावी लागते. आणि बांधल्यावर ती मेनूला जुमानत नाही. बदललेलं काहीच नाही म्हणून तुम्ही ‘जतन करा’ फिकं केलंत, तरी कीबोर्डवरून फंक्शन चालतंच. म्हणजे ‘आत्ता परवानगी आहे का’ ही तपासणी फंक्शनच्या आतच हवी.

फिकं करायचं की लपवायचं, यावर माझं मत ठाम आहे: फिकं करावं. ऑफिस २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने क्वचित वापरल्या जाणाऱ्या आज्ञा मेनूतून लपवून पाहिल्या. लोकांच्या हाताला ठरलेली जागा सापडेना. २००७ मध्ये त्यांनी वर्ड-एक्सेलमधून जुना मेनूबारच उचलला आणि रिबन ही बटणांची पट्टी आणली.

मेनूचा धाकटा भाऊ म्हणजे फॉर्ममधला ड्रॉपडाऊन. टीकिंटरमध्ये त्यासाठी कॉम्बोबॉक्स असतो. त्यात मुळात हाताने लिहिताही येतं, म्हणून नुसती निवड हवी असेल तर त्याला ‘रीडओन्ली’ करावं लागतं. आपल्याकडे कुठल्याही कार्यालयासाठी सॉफ्टवेअर लिहिलं की ही जोडी ठरलेली: आधी जिल्हा, मग तालुका. जिल्हा बदलला की तालुक्यांची यादी बदलायची. वरवर अगदी सरळ काम. पण कॉम्बोबॉक्सची यादी बदलली तरी चौकटीत आधी निवडलेलं नाव तसंच राहतं. पुणे निवडून बारामती निवडली, मग चूक लक्षात आली म्हणून जिल्हा नागपूर केला, तर पडद्यावर नागपूर आणि बारामती शेजारी शेजारी. यादी बदलताना चौकट रिकामी करणारी एक ओळ लिहिली की हे मिटतं.

कुणी म्हणेल, चौकट रिकामी कशाला करायची? नाव नव्या यादीत आहे का ते बघू, नसेल तरच पुसू. हुशारीचं वाटतं, पण खेड तालुका पुणे जिल्ह्यात आहे आणि रत्नागिरी जिल्ह्यातही आहे. पुण्याचं खेड म्हणजे राजगुरुनगरचा परिसर, रत्नागिरीचं जगबुडीकाठचं. वापरणाऱ्याने पुणे-खेड निवडलं, नंतर जिल्हा रत्नागिरी केला, तर तपासणी म्हणेल, खेड यादीत आहे, सगळं ठीक. माणसाने दुसरं खेड निवडलेलंच नसतं. कर्जतचंही तेच, एक रायगडात, एक अहिल्यानगरात. डेटाबेसमध्ये नुसतं ‘खेड’ साठवलं असेल तर कुठल्या खेडचा अर्ज कुठे गेला ते नंतर ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणून पडद्यावर नाव दाखवावं आणि साठवावा तो कोड. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत जिल्हे, तालुके, गावं यांना असे कोड दिलेले आहेत. तेच वापरावेत, स्वतःचे नवे पाडू नयेत.

मराठी यादीचा क्रम ही आणखी एक कटकट. पायथनची साधी क्रमवारी युनिकोडच्या क्रमांकांवर चालते. तिच्या लेखी ळ येतो ल नंतर लगेच, आणि क्ष सापडतो क च्या बाराखडीत, कारण तो क, हलन्त आणि ष असा तीन तुकड्यांत साठवलेला असतो. ‘ॲ’ला तर युनिकोडने ह च्याही पुढचा क्रमांक दिलाय. विषयांच्या यादीत ‘ॲनाटमी’ हस्तकलेच्या खाली जाऊन बसते आणि अ पाशी शोधणाऱ्याला वाटतं, विषय भरायचाच राहिला. हाच उच्चार कुणी अ वर अर्धचंद्र देऊन टाइप केला असेल तर ती ओळ वर येते. एकाच यादीत दोन्ही प्रकार भेटतात. यावर मराठीचा वर्णक्रम जाणणारी आयसीयूसारखी लायब्ररी वापरणं हा सरळ मार्ग.

महाराष्ट्राचे ३६ जिल्हे ड्रॉपडाऊनमध्ये सुखाने मावतात. दोन-तीनच पर्याय असतील तर तो वापरूच नये, रेडिओ बटणं सगळी एका नजरेत दिसतात. गावांसाठीही नको. राज्यात चाळीस हजारांहून जास्त गावं आहेत आणि एकेका तालुक्याची यादीही शंभराच्या पलीकडे सहज जाते. तिथे लिहायची चौकट द्यावी, दोन अक्षरं पडली की जुळणारी गावं खाली दाखवावीत, आणि एकाच नावाची दोन निघाली तर प्रत्येकापुढे तालुका छापावा.