व्यवहार आपोआप मागे का फिरतो?

एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमाच झाले नाहीत, असे होऊ नये म्हणून डेटाबेस दोन्ही नोंदी एकाच व्यवहारात बांधतो. मधेच बिनसले की सगळे पूर्ववत करतो, म्हणजेच रोलबॅक. कारण न कळता तो होऊ लागला की मात्र हिशेबावरचा विश्वासच डळमळतो.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये पहिला संशय डेडलॉकवर घ्यावा. एका व्यवहाराने ‘अ’ खाते कुलूप लावून अडवले आहे आणि त्याला ‘ब’ हवे आहे. दुसऱ्याचे नेमके उलट. दोघेही थांबूनच राहतील, म्हणून इनोडीबी हे इंजिन एकाचा बळी देते, सहसा ज्याने कमी ओळी बदलल्या त्याचा. तो व्यवहार पूर्ण रद्द होतो आणि १२१३ क्रमांकाची त्रुटी येते. १२०५ ही त्रुटी वेगळी: कुलूप मिळण्याची मुदत, मूळ सेटिंगनुसार ५० सेकंद, संपली. इथे एरवी फक्त शेवटची आज्ञा रद्द होते, आधीचे बदल तसेच लटकत राहतात. मला हीच जास्त घातक वाटते, कारण प्रोग्रामने त्रुटीकडे दुर्लक्ष करून व्यवहार पक्का, म्हणजेच कमिट, केला तर अर्धवट काम कायमचे नोंदले जाते.

कारण शोधताना ‘शो इंजिन इनोडीबी स्टेटस’ ही आज्ञा फक्त शेवटचा डेडलॉक दाखवते. ‘इनोडीबी प्रिंट ऑल डेडलॉक्स’ हे सेटिंग चालू केले की प्रत्येक डेडलॉक एरर लॉगमध्ये उतरतो. तिथेही काही नसेल तर जोडणी तुटली होती का ते पाहावे. जोडणी गेली की कमिट न झालेला व्यवहार सर्व्हर मागे घेतो. डेडलॉक सापडलाच, तर सर्व प्रोग्रामनी खाती एकाच क्रमाने हाताळावीत आणि १२१३ आल्यावर अख्खा व्यवहार पुन्हा चालवावा.