नवीं चाकें बसविल्यावर स्टिअरिंग कां थरथरतें ?

बागायती मुलुखांत आतां बैलगाडीच्या जोडीला, पुष्कळ ठिकाणीं तर तिच्या जागीं, घरची मालवाहू गाडी आली आहे. कोणाची पिकअप असते, कोणाचा ट्रक. कांदा, टोमॅटो, द्राक्षें वेळेवर बाजारांत पोंचलीं तरच त्यांचे पैसे होतात. म्हणून गाडीची निगा हीहि शेतीकामांतलीच एक बाब समजली पाहिजे. अशा गाडीस नवे टायर किंवा नव्या रिमा घातल्यावर तिचें स्टिअरिंग हातांत थरथरूं लागतें, ही तक्रार वरचेवर ऐकूं येते. मग कोणी अलाइनमेंट करावयास सांगतो, कोणी टाय-रॉड बदलावयास सांगतो. पैसे जातात आणि थरथर आहे तशीच राहते. याचें कारण इतकेंच कीं, दोष कोठें आहे हें ठरविण्यापूर्वींच दुरुस्ती केली जाते. दोष शोधण्याचा योग्य क्रम कोणता, तो या लेखांत देण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम पंचनामा

जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय व साक्षी घेतल्याशिवाय निवाडा द्यावयाचा नसतो, हें महसूल खात्यांतील नोकरीनें आम्हांस शिकविलें. तोच नियम येथेंहि लावावा. गाडी स्वतः चालवून चार साक्षी घ्याव्या.

पहिली साक्ष वेळेची. जुन्या चाकांवर गाडी नीट चालत होती व नवीं बसवितांच थरथर सुरू झाली, तर दोष बहुधा त्या दिवशीं झालेल्या कामांत आहे. दुसरी साक्ष वेगाची. ताशीं ४० किलोमीटरपर्यंत गाडी शांत असून ६० ते ९० च्या दरम्यान कंप येत असेल, तर चाकाचा तोल बिघडल्याचा संशय घ्यावा. बैलगाडीच्या चालीनेंहि ती डुलत असेल, तर रिम वांकडी, टायर विद्रूप किंवा नट सैल असले पाहिजेत. तिसरी साक्ष जागेची. कंप हातांत जाणवल्यास पुढचीं चाकें तपासावीं. बैठकीखालीं जाणवल्यास मागचीं चाकें अथवा प्रोपेलर शाफ्ट तपासावा. चौथी साक्ष ब्रेकची. ब्रेक दाबतांनाच थरथर होत असेल, तर ब्रेकची डिस्क किंवा ड्रम एकसारखा राहिलेला नाहीं असें समजावें.

नट आणि हब

साक्षी घेऊन झाल्या कीं पहिला हात नटांना लावावा. यास पैसा लागत नाहीं, आणि धोका सर्वांत मोठा येथेंच आहे. सैल नटावर चाललेल्या चाकाचे बोल्ट झिजतात, रिमेचीं भोकें लांबट होतात, आणि अखेर भरल्या गाडीचें चाक रस्त्यावर निखळून पडतें. म्हणून थरथर अचानक सुरू झाली अथवा दर फेरीस वाढत चालली, तर गाडी तेथेंच बाजूस घेऊन नट पाहावे. बाजार चुकला तर एका दिवसाचें नुकसान होतें. चाक निखळलें तर माणसाचा जीव जातो.

नट ओळीनें न आंवळतां समोरासमोरचे, म्हणजे एक वरचा तर दुसरा खालचा, असे आंवळावे. चाक जमिनीपासून उचललेलें असतांना सर्व नट बेताचे बसवावे, आणि चाक टेंकल्यावर टॉर्क पान्यानें गाडीच्या पुस्तिकेंत दिलेल्या मापास आणावे. पाईप लावून अंगाच्या जोरानें ओढणें हा कांहीं उत्तम उपाय नव्हे. कमीअधिक आंवळल्यानें ब्रेकची डिस्क वांकते व पुढें ब्रेक लावतांना थरथर उत्पन्न होते. नव्या चाकांचे नट ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हां एकदां अवश्य तपासावे.

नटाची बैठकहि पाहावी. कांहीं रिमांस निमुळत्या बैठकीचा नट लागतो, कांहींस गोलाकार, तर कांहींस सपाट. लोखंडी रिम काढून अलॉयची घातली व नट जुनेच ठेविले, तर पुष्कळदां नट रिमेवर पूर्ण टेंकतच नाहीं. हातास तो घट्ट लागतो, पण चाक मात्र धरलेलें नसतें. बोल्टाच्या जाडीइतक्या लांबीवर तरी नट चढला पाहिजे, असा ढोबळ नियम ध्यानांत ठेवावा.

त्यानंतर चाक काढून हबचा तोंडवळा पाहावा. गंजाचा पापुद्रा, वाळलेला चिखल, रंगाचा थेंब किंवा खडा मध्यें राहिला, तर रिम एका बाजूस उचलली जाते व चाक वांकडें फिरतें. तारेच्या ब्रशनें हब व रिम या दोहोंच्या टेंकणाऱ्या जागा घांसून स्वच्छ कराव्या. रिमेचें मधलें भोकहि हबवर चपखल बसतें कीं नाहीं तें पाहावें. पुष्कळ गाड्यांत चाक मध्यावर धरण्याचें काम हबचा हा उंचवटाच करतो. बाजारांतील रिमेचें भोक मोठें असेल, तर चाक केंसभर बाजूस बसण्याचा संभव असतो. अशा वेळीं योग्य मापाचें कडें मध्यें घालावें लागतें.

तोल म्हणजे काय ?

आतां तोलाचा विचार करूं. ७० सेंटिमीटर व्यासाचें चाक ताशीं ८० किलोमीटर वेगानें धांवतांना सेकंदास सुमारें १० फेरे घेतें. मध्यापासून २० सेंटिमीटरवर, रिमेच्या कडेस, एका बाजूला अवघें ५० ग्रॅम वजन अधिक असेल, तर तें चाकास सुमारें ४ किलोच्या जोरानें बाहेर ओढतें, आणि ही ओढ प्रत्येक फेऱ्यागणिक दिशा बदलते. वेग निम्मा केला कीं ओढ चौथाईवर, म्हणजे एका किलोवर येते. सावकाश चालणारी गाडी शांत व वेगानें चालणारी थरथरती कां, याचा उलगडा या हिशेबानें होतो.

शेतकऱ्यानें येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. काळ्या रानांतून गाडी निघाली कीं रिमेच्या आंतल्या अंगास चिखल चिकटतो व तेथेंच वाळून बसतो. तो पाव किलो असला, तर वरील हिशेबानें ताशीं ८० किलोमीटरला ओढ २० किलोची होते. तेव्हां कोणत्याहि गॅरेजांत जाण्यापूर्वीं चारी रिमा आंतून पाण्यानें धुऊन काढाव्या. पुष्कळ वेळां रोग तेवढ्यानेंच जातो.

तो न गेल्यास चाकाचें बॅलन्सिंग यंत्रावर करवून घ्यावें. वजनें रिमेच्या आंतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही कडांस लावावीं लागतात. केवळ बाहेरून दिसणाऱ्या कडेवर भागत नाहीं. मात्र यंत्र चाकास आपल्या शंकूवर मध्यभागीं धरतें. गाडीच्या हबवर तेंच चाक तिरपें बसत असेल, तर यंत्रावर साधलेला तोल रस्त्यावर टिकत नाहीं. म्हणून हबची सफाई अगोदर व बॅलन्सिंग मागून, हा क्रम मोडूं नये.

चाक गोल फिरतें काय ?

पुढचें चाक जॅकवर उचलावें. बाकीच्या चाकांस दगड लावावे व जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं शिरूं नये. एक काडी स्थिर धरून तिचें टोंक रिमेच्या कडेजवळ आणावें आणि चाक हातानें सावकाश फिरवावें. कड आंतबाहेर किंवा वरखालीं दीड मिलिमीटरहून अधिक जात असेल, तर रिम वांकडी आहे किंवा नीट बसलेली नाहीं. तसेंच टायरच्या बाजूस रिमेलगत एक बारीक रेघ असते. तिचें रिमेपासूनचें अंतर सगळीकडे सारखें पाहिजे. एके ठिकाणीं रेघ आंत गेली असल्यास टायर रिमेंत पुरा बसलेला नाहीं. हवा काढून, साबणाचें पाणी लावून तो पुन्हां बसवावा. टायरवर फुगवटा दिसल्यास आंतले थर सुटले आहेत असें समजून तो टायर वापरूं नये. भरली गाडी रात्रभर उभी राहिल्यास नायलॉनच्या टायरांस तळाशीं थोडी सपाटी येते. ती कांहीं किलोमीटर चालल्यावर आपोआप जाते, तिची काळजी नको.

अदलाबदलीची कसोटी

एवढें करूनहि संशय राहिल्यास, चारी चाकें एका मापाचीं असल्यास, पुढचीं दोन मागें व मागचीं दोन पुढें घालावीं. थरथर हातांतून निघून बैठकीखालीं गेली, तर दोष चाकांत आहे. ती हातांतच राहिली, तर दोष हब, ब्रेक अथवा स्टिअरिंगच्या सांध्यांत आहे. जुनीं चाकें जपून ठेविलीं असतील तर तीं पुन्हां घालून पाहणें हा याहूनहि सोपा पुरावा होय.

दोष चाकांत नाहीं असें ठरलें, म्हणजे उचललेलें चाक वरखालीं धरून हालवावें. खटखट लागल्यास बेअरिंग किंवा किंगपिन पाहावी. डावेंउजवें धरून हालविल्यास टाय-रॉडची ढिलाई कळते. नव्या रिमा जुन्यांपेक्षां बाहेर निघालेल्या असतील, तर रस्त्याचा प्रत्येक धक्का स्टिअरिंगवर अधिक जोरानें येतो व जुन्या झिजेची जी ढिलाई आजवर लपली होती ती उघड होते. एकसंध आंसाच्या गाडीचीं पुढचीं चाकें खड्ड्यावरून जातांच थाडथाड हालूं लागलीं व वेग पुष्कळ उतरविल्याशिवाय थांबलीं नाहींत, तर ती गाडी सांधे तपासल्याखेरीज मालास जुंपूं नये.

अलाइनमेंटविषयीं एक शब्द. ती बिघडल्यास गाडी एका बाजूस ओढते व टायर एका कडेनें झिजतात. केवळ तिच्यामुळें थरथर क्वचितच होते. म्हणून अलाइनमेंटचा खर्च अखेरीस करावा. आधीं नट, मग हबची सफाई व रिमेची धुलाई, मग बॅलन्सिंग, मग चाकाची गोलाई व अदलाबदल, आणि सर्वांत शेवटीं सांध्यांची दुरुस्ती, असा क्रम ठेवावा. यांतील बरींचशीं कामें जॅक, पाना, ब्रश व बादलीभर पाणी एवढ्या साहित्यावर घरच्या अंगणांत होतात. हंगाम सुरू होण्यापूर्वीं प्रत्येक मालकानें तीं एकदां आपल्या देखरेखीखालीं करवून घ्यावीं, अशी आमची सूचना आहे.